प्रोस्टेट आणि पालखीचा पुढचा खांदा

१ जानेवारी, बुधवार. सकाळ.

नवीन वर्ष. संकल्प: रोज पहाटे चालणं. राग बंद. भिवाशी बोलायचं नाही, आणि बोलावं लागलंच तर मारायचं नाही.

पहिला संकल्प वेगळ्या प्रकारे पार पडला. रात्रभर संडास ते खाट, खाट ते संडास अशा फेऱ्या झाल्या. पहाटे पुन्हा चालण्याची गरज उरली नाही.

दुसरा मोडला, पण तो गुणवंतीमुळे. बायको झाली म्हणून काय झालं, नवऱ्याला लागली की आतल्या माणसाने बाहेर यावं ही साधी माणुसकी आहे. थापा मारल्या. हाका मारल्या. मग लाथ मारली. कडी उडाली, बिजागरी उडाली. आत कोणी नव्हतं. गुणवंती मागच्या दारी अळवाला पाणी घालत होती. कडी बाहेरून लावलेली होती, घाईत दिसली नाही.

आता संडासाला दार नाही. गोणपाट लावलंय. तिसरा संकल्प शाबूत आहे, कारण भिवा अजून भेटला नाही.

४ जानेवारी, शनिवार.

भिवा भेटला. भिवा म्हणजे माझा चुलतभाऊ, घराला घर लागून. म्हणाला, दादा, आवंदा शिमग्याला तुला झेपंल ना? मी कुंपणाचा दांडा उपटला. तो पळाला. मारलं नाही, म्हणजे संकल्प टिकला.

झेपंल ना म्हणे. वाडीच्या नवलाई देवीच्या पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराचा. आजा, बाप, आता मी. मागचा खांदा भिवाच्या घराचा. दोन माणसांच्या खांद्यावर पालखी नाचते. पुढचा नाचवतो, मागचा त्याच्यामागे नाचतो. सगळं गाव हे जाणतं, भिवा सोडून.

आणि मला विचारतो झेपंल का. मी एसटीचा ड्रायव्हर. रत्नागिरी-दापोली गाडी काढली की खेड येईपर्यंत खाली उतरत नसे. पॅसेंजर गयावया करायचे, ड्रायव्हर दोन मिनिटं थांबवा हो. मी आरशात बघून हॉर्न वाजवायचो. त्या मूत्राशयाबद्दल हा मला विचारतो.

९ जानेवारी, गुरुवार. दुपार.

मोहोर चांगला आलाय, म्हणून वांदर पण आलेत. बागेत गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, कडेला उभा होतो. हल्ली सुरू व्हायला वेळ लागतो. उभं राहायचं, आभाळाकडे बघायचं, दुसरा विचार करायचा. तेवढ्यात एक हुप्प्या गडग्यावर येऊन बसला आणि बघत बसला. इकडे तिकडे नाही, तिथेच.

एका हाताने जांभा दगड उचलून मारला. वांदर हलला नाही. दगड घरावरच्या सोलर हीटरला लागला. काचेची नळी फुटली, गरम पाणी पत्र्यावरून धो धो वाहायला लागलं. माझं मात्र थेंब थेंबच. वांदराने दोन्ही पाहिलं आणि मग गेला.

गुणवंती म्हणाली, दाराला लाथ, वांदराला दगड, भिवाला दांडा. ज्याचं दुखतंय त्याला काय करणार, कोयतीने कापणार? मी म्हटलं, काही दुखत नाही.

१५ जानेवारी, बुधवार.

काल संक्रांत. थंडी वाजून ताप आला. लघवीला आग. आग म्हणजे खरोखरची. आंघोळीच्या बंबात उभा राहून मुततोय असं वाटतं. कंबर, जांघा, बसायची जागा सगळं ठणकतंय. तिळगूळ द्यायला वाडीतली पोरं आली होती, त्यांच्यावर खेकसलो. गोड बोला म्हणाली आणि पळाली.

गुणवंतीने विनीतला फोन केला. विनीत, आमचा मुलगा, मुंबईला कंपनीत. त्याने तिथूनच मोबाइलवर रत्नागिरीच्या स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट घेतली. मी जाणार नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

जाऊन आलो. वाडीत सांगितलं, कंबर दाखवायला चाललोय.

एसटीत उभाच राहिलो. बसायच्या जागी आत कुणीतरी तापलेला खिळा ठोकून ठेवलाय. कंडक्टर आजोबा बसा म्हणाला. मी सांगितलं, तू पाळण्यात होतास तेव्हा मी ही गाडी हाकत होतो. भाट्याच्या पुलापाशी गाडी थांबवायला लावली. समुद्र बघायला उतरलो. पॅसेंजर खिडकीतून बघत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्याचा नंबर घेतला आहे, तक्रार करणार.

डॉक्टर बाई निघाली. डॉ. मनस्वी. आमच्या विनीतपेक्षा लहान. विनीतने हे मुद्दाम सांगितलं नाही. समोर असता तर कानाखाली जाळ काढला असता.

तपासणी कशी केली ते मी या वहीतही लिहिणार नाही. एवढंच लिहितो की मला भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजायला सांगितलं आणि तिच्या हातात ग्लोव्ह होता. मी हात उचलणारच होतो. पण त्या अवस्थेत माणसाला हात उचलायला जागा नसते. पाय मात्र गेला. स्टीलचा ट्रे, कात्र्या, कापूस, सगळं फरशीवर. नर्स ओरडली. बाई शांतपणे म्हणाली, आजोबा, आत सूज आहे, म्हणून एवढं लागलं. आजोबा हा शब्द रत्नागिरीत सगळ्यांनी ठरवून घेतलेला दिसतो.

मग सोनोग्राफी. पाणी पाजपाज पाजलं आणि धरून ठेवा म्हणाले. मी धरलं. नंतर जाऊन या म्हणाले. जाऊन आलो. पुन्हा बघितलं तर आत बरंच शिल्लक. बाई चिंतेत पडली. मला उलट बरं वाटलं. जाऊन येऊनसुद्धा एवढा साठा, म्हणजे टाकी मोठी आहे.

बाईने कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी. वयानुसार ती वाढते, वाटेवर दाबते, म्हणून धार बारीक. शिवाय माझ्या ग्रंथीला जुनी सूज आहे, आत दाह आहे, म्हणून ताप, आग, ठणका. दोन्ही एकत्र असलं की नुसत्या एका गोळीने भागत नाही. रक्तातला कसलासा आकडा वाढलाय, तो सुजेमुळेही वाढतो, सूज उतरली की पुन्हा तपासू. अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स. रात्री एक कॅप्सूल, वाट मोकळी करायला. नाही जमलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन. आणि शेवटी म्हणाली, सर्दी-खोकल्याची औषधं मला विचारल्याशिवाय घेऊ नका, लघवी तुंबेल.

सर्दी मला होत नाही, म्हणून शेवटचं नीट ऐकलं नाही. मी एवढंच विचारलं, शिमग्याला पालखी घ्यायची आहे. ती म्हणाली, यंदा नको. हिला पालखीतलं काय कळतं.

२५ जानेवारी, शनिवार.

आग गेली. ताप गेला. अँटिबायोटिक बंद केलं. बरा झाल्यावर औषध घेणारा माणूस आणि पाऊस थांबल्यावर वायपर चालवणारा ड्रायव्हर, दोघेही बिनडोक. कोर्स पुरा करा ही कंपन्यांची चाल आहे.

रात्रीची कॅप्सूलही बंद. परवा उठताना गरगरलं. ड्रायव्हरला गरगरून चालत नाही.

मी खडखडीत बरा आहे. उद्यापासून पहाटे चालणं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

चालणं अजून सुरू नाही. ठणका परत आलाय. बसायला स्कूटरची जुनी ट्यूब घेतो, हवा थोडी भरून. गुणवंतीला सांगितलं मूळव्याध आहे. मूळव्याध माणसासारख्या माणसाला होते. ती म्हणाली, डॉक्टरीणबाईला फोन करू? मी ट्यूब भिंतीवर फेकली. ट्यूब परत आली आणि माझ्याच तोंडावर बसली.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

देवळात मानकऱ्यांची मिटिंग. मी उभा राहिलो. विठू गुरवाने खुर्ची पुढे केली, तेव्हा म्हटलं, देवीसमोर मी बसत नाही. सगळ्यांना पटलं. भिवा मात्र माझ्या मांड्यांकडे बघत होता, वांदरासारखा.

मग भिवा उठला. म्हणाला, आपण आता म्हातारं झालो, तरण्या पोरांना खांदा देऊया. मीबी सोडतो, दादाबी सोडू दे. दादाची तब्बेत बरी नाय, आमाला दिसतंय.

माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. विठूने माझ्यासाठी आणलेली खुर्ची मी फेकली. भिवा वाकला, खुर्ची ट्यूबलाइटला. काचांचा सडा पडला. दोघा-तिघांनी मला धरलं. धरताना एकाने पोटावर दाबलं, तेव्हा मी मिटिंग सोडून देवळामागे धावलो. ते बोलले रागाने गेला. बरं झालं.

परत आलो तर ठराव झालेला. पुढचा खांदा यंदा काशीरामचाच, म्हणजे माझाच. मात्र पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या दगडी ओट्यावरून, उचलल्यापासून पुन्हा सहाणेवर टेकेपर्यंत, एक वाडी पुरी होईपर्यंत, त्याने खांदा सोडायचा नाही. मध्येच सोडला तर मान भिवाच्या घराला, कायमचा.

मी म्हटलं, मंजूर. आज्याने सोडला नाही, बापाने सोडला नाही. बाप तर ताप अंगात असताना नाचला होता. मी सोडला तर माझ्यामागे विनीतला या वाडीत कोण ओळखेल? नुसता मुंबईवाला होईल तो. हा मान गेला तर मी मेलो असंच समजायचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

देवीला कौल लावला. विठूला सांगितलं, मनातली गोष्ट आहे, तू नुसत्या कळ्या लाव. ओल्या कळ्या देवीच्या अंगाला चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

मनात विचारलं, ऑपरेशन करू? उजवी पडली.

पंखा चालू होता. पंखा बंद करायला लावला. पुन्हा विचारलं. पुन्हा उजवी. कळ्या शिळ्या होत्या. विठूला ताज्या आणायला पाठवलं. पुन्हा उजवी. देवीला प्रश्न नीट कळला नसणार, मनातल्या मनात मी भराभर बोलतो. प्रश्न बदलला. आई, पुढचा खांदा मला पेलवेल ना?

कळ्या हलेनात. विठू हात जोडून, मी हात जोडून. मग मांड्या जोडून. शेवटी धावलो. परत आलो तर विठू म्हणाला, डावी पडली. मी विचारलं, बघितली का स्वतः? त्याने शपथ घेतली. मी त्याची गचांडी धरली. मानकरी हजर नसताना पडलेली कळी चालत नाही. तसा नियम नसेल तर करायला हवा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.

चमत्कार.

काल शिंका, नाक गळतंय. आमच्या पावस गावातल्या मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या. सकाळी एक घेतली. त्यानंतर दुपारपर्यंत एकदाही उठलो नाही. गुणवंतीने मासे आणले, कापले, तळले, मी जेवलो, तरी उठलो नाही. संध्याकाळी गेलो तर अगदी थोडी. म्हणजे तयारच कमी होतेय.

एवढं शिकून त्या बाईला जे सापडलं नाही ते मला सर्दीत सापडलं. कोणाला सांगणार नाही.

५ मार्च, बुधवार.

रोज एक गोळी. सर्दी गेली तरी चालू ठेवली. हे औषध मात्र कोर्स पुरा करण्यासारखं आहे. जातो तेव्हा कुंथावं लागतं, ओटीपोट दुखतं. पण जाणं कमी झालं हे महत्त्वाचं.

विनीतचा फोन. होळीला येतोय. म्हणाला, बाबा, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना? मी म्हटलं, गोळ्या चालू आहेत. खोटं बोललो नाही.

गुणवंती माझ्याकडे बघत राहिली. हल्ली ती फार बघते आणि कमी बोलते. त्याचा राग येऊन मी ताट भिरकावलं. ताट कोंबड्यांत पडलं. कोंबड्या खूश.

१३ मार्च, गुरुवार. होळी.

होळीचा माड आणला. ढोल, ताशे, बोंबा. मी सगळ्यात मोठ्याने बोंब मारली. भिवा समोर होता, त्याच्याकडे बघूनच मारली. आज ते चालतं.

पालखीत देवीची रूपं लागली. चांदीचा मुखवटा बघून छाती भरून आली. म्हटलं, आई, उद्याचा दिवस सांभाळ. बाकी गोळी सांभाळेल.

१४ मार्च, शुक्रवार. दुपार.

पहाटे दोन गोळ्या. हातपाय धुऊन, धोतर-फेटा. पालखी उचलली. सकाळी वरची वाडी पुरी केली. नाचवली. मागे भिवा धापा टाकत होता, मला ऐकू येत होतं. मी वळून म्हटलं, झेपतंय ना?  आयुष्यात एवढं सुख झालं नव्हतं.

पालखी सहाणेवर टेकलीय. जेवायला घरी आलो. सकाळपासून एकदाही नाही. एकदाही. पूर्ण विजय. आणखी दोन गोळ्या घेतल्या, दुपारची आमची खालची वाडी आहे, घरं जास्त.

पोट जरा टणक झालंय. पुरणपोळ्या जास्त झाल्या. विनीत म्हणतो, बाबा, तुम्हाला एवढा घाम का आलाय? उन्हामुळे. थोडं वाकून चालावं लागतंय, ते फेट्याच्या वजनामुळे.

१६ मार्च, रविवार. हॉस्पिटल.

सगळं डोकं शांत ठेवून लिहितो.

दुपारी पालखी उचलली तेव्हाच कळा येत होत्या. पहिली दोन घरं दात खाऊन काढली. जायची इच्छा एवढी की डोळ्यांपुढे अंधारी, आणि सोडावं म्हटलं तर काही निघेना. खांदा सोडला असता तरी उपयोग नव्हता, हे मला तिथेच कळलं आणि मी घाबरलो. आयुष्यात घाटात ब्रेक गेला तेव्हा एवढा घाबरलो नव्हतो. ढोलाचा प्रत्येक ठोका पोटात. पोट बेंबीपर्यंत फुगलेलं. कुणीतरी आतून सुरी फिरवतंय. ढोलवाले म्हणे मी काय छान नाचतोय, कारण मी उड्या मारत होतो.

तिसरं घर सोनूबाईचं, तिच्या अंगणात पाय मुडपला. पालखी कलली. देवीची पालखी भुईला लागली तर गावावर काय येईल याचा विचारही करवत नाही. मागून भिवा धावला, मागचा खांदा एका पोराकडे ढकलून पुढे आला, आणि माझ्या खांद्यावरचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला.

मला वाटलं हिसकावतोय. मी मुठीने त्याच्या तोंडावर मारलं. पुढचे दोन दात गेले. रक्त त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मी आणखी एक मारणार होतो, पण खालीच पडलो, पोट धरून, लहान पोरासारखा ओरडत. विनीतने मारामारी थांबवायला म्हणून मला धरलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की मी कुणाशीच मारामारी करत नाहीये.

भिवाने दांडा सोडला नाही. तसाच रक्ताळलेल्या तोंडाने बोबडं बोलला, माजा टेम्पो काडा, दादाला न्या, चावी खिशात हाय. त्याच्या आंब्याच्या टेम्पोत, क्रेटवर निजवून, मला रत्नागिरीला आणलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी ड्रायव्हरला शिव्या दिल्या. ड्रायव्हर विनीत होता.

हॉस्पिटलात वॉर्डबॉयला लाथ मारली. दोघांनी पाय धरले. मग लघवीच्या वाटेने नळी घातली. ज्या नळीचं कुणी नुसतं नाव काढलं असतं तरी मी घर डोक्यावर घेतलं असतं, ती घातली. आणि ते वाहायला लागलं. वाहतच राहिलं. पिशवी भरली, दुसरी लावली. मला रडू फुटलं. मी डॉ. मनस्वीचा हात धरून तिला आई म्हणालो. पोरीच्या वयाची आहे. शेजारच्या कॉटवरच्या माणसाने ऐकलं.

ती रागावली नाही. विनीतने माझ्या खिशातून काढलेली सर्दीच्या गोळ्यांची पट्टी बघून फक्त डोळे मिटून घेतले. म्हणाली, किडन्या वाचल्या, आजोबा, नशीब समजा. सूज उतरू दे, मग ऑपरेशन. तोवर नळी आणि पिशवी. आणि आता अँटिबायोटिक मध्येच सोडलं तर मी पावसला येईन.

१८ मार्च, मंगळवार.

घरी आलो. पिशवीला गुणवंतीने शिवून कापडी खोळ केलीय, फुलाफुलांची. मी म्हटलं, ही खोळ जाळतो. ती म्हणाली, जाळा. आत नळी जोडलेली आहे, सांभाळून. अशी पहिल्यांदाच बोलली.

खांदा मध्येच सुटला, म्हणून मान भिवाकडे, असं देवस्थानने ठरवलं. भिवा नको म्हणत होता म्हणे. मला ते नाटक वाटतं. दात बसवायला रत्नागिरीला जातोय, असं विनीत सांगतो. जाऊ दे.

माझा प्लॅन तयार आहे. पालखी अजून फिरतेय, आमचं घर त्या दिवशी राहिलं, ते आता सगळ्यात शेवटी घेणार आहेत. पिशवी मांडीला घट्ट बांधायची, वर धोतर, वर उपरणं. पालखी दारात आली की पुढे व्हायचं आणि भिवाच्या हातून दांडा घ्यायचा. सगळ्या वाडीसमोर. बाहेर कुणाला काही माहीत नाही. सगळ्यांना सांगितलंय, उष्माघात.

२१ मार्च, शुक्रवार. रात्री जेवण झाल्यावर.

पालखी आली.

धोतर, फेटा, पिशवी मांडीला बांधलेली. भिवा पुढे. तोंड अजून सुजलेलं. त्याने पालखी अंगणात नाचवली. खोटं कशाला लिहू, चांगली नाचवली. मी दांडा घ्यायला पुढे झालो. पहिल्याच पावलाला नळी ताणली गेली. जी कळ आली ती वहीत मावणार नाही. मी तिथेच थांबलो. पुढे केलेले हात कुठे ठेवायचे कळेना, म्हणून जोडले. लोकांना वाटलं नमस्कार करतोय.

गुणवंतीने ओटी भरली. मग विठू गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. प्रत्येक घरासमोर घालतो. घरच्या माणसाला काय हवं ते देवीला मोठ्याने सांगायचं आणि सगळ्या वाडीने साथ द्यायची. दरवर्षी आमच्याकडे एकच, आंबा पिकू दे, विनीतचं बरं होऊ दे. मी डोळे मिटले. तेवढ्यात गुणवंती विठूच्या कानाशी गेली. थांबवायचं होतं, पण हलता येत नव्हतं.

विठूचा आवाज ढोलापेक्षा मोठा. आई नवलाई म्हाराजा, आज तुजा लेकरू काशीराम तुज्या पायाशी उबा हाय. त्याची लघवी तुंबलेली हाय म्हाराजा, ती मोकळी कर. आतली ग्रंथी वाढलेली हाय, वर सुजलेली हाय, ती उतरव. ऑपरेशन हाय ते सुखरूप पार पाड. आणि त्याच्या डोक्यातला राग पण थोडा उतरव म्हाराजा.

सगळी वाडी म्हणाली, व्हय म्हाराजा. बाया, पोरं, ताशेवाले, मुंबईहून आलेले. पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असणार. मला वाटलं जमीन फाटावी. कोयती कुठे आहे ते आठवत होतो, कुणासाठी ते ठरत नव्हतं.

तेव्हा पालखीखालून भिवा बोलला. पडलेल्या दातांच्या फटीतून हवा जात होती. म्हणाला, विठू, त्यातच माजं पन नाव घाल.

कुणी हसलं नाही. भिवा खाली बघत म्हणाला, दोन वर्सं झाली, राती धा वेळा उटतो. मागल्या खांद्याला बरं पडतं, कुनाच्या लक्षात येत नाय, झाडामागं जाऊन येतो. म्हनून म्हनत होतो, दोगं पन सोडूया. मग ढोलवाला रघू हळूच म्हणाला, माझंही. मग पलीकडून कुणीतरी नुसता हात वर केला.

 भिवाला मारलेली मूठ मी पाठीमागे नेली. 

विठूने गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं, आता सगळ्यांचं मिळून. नावं मानाप्रमाणे घ्यायची असतात. पुढचा खांदा भिवाचा, म्हणून आधी भिवाची लघवी. मग माझी.

मी व्हय म्हाराजा म्हणालो.